दुसऱ्याच्या मुळावर: चंदन आणि काळा ट्रफल

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका भावाची सातारा बाजूला दोन एकर माळाची जमीन आहे, पुण्यातली नोकरी सांभाळून काहीतरी झाडं लावायचीत. त्यांना एका योजनावाल्यानं सांगितलं की चंदन आणि युरोपातला काळा ट्रफल (जेवणात वासासाठी घालतात ती महागडी बुरशी) ही "एकाच जातीची शेती" आहे, दोन्ही दुसऱ्या झाडाच्या मुळावर जगतात, दोन्हीत शेवटी वासच विकायचा असतो, म्हणून एकाच रानात दोन्ही बसतात. ते विचारतात, दादा खरंच हे सारखं आहे का, आणि असेल तर दोन्ही लावू का.

आधी सरळ उत्तर देतो. ट्रफल तुमच्या रानात होणार नाही, त्यावर एक रुपया घालू नका. चंदन होईल, पण जे चित्र दाखवलंय तसं नाही. आता तुलना. त्या माणसानं अर्धं खरं सांगितलंय आणि अर्धं खरं फार महागात पडतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी पंचवीस वर्षं नर्सरी आणि झाडांच्या लागवडीत आहे, माणदेशात माझं स्वतःचं चंदन आहे, आणि ट्रफलचं रान मी एकदाच पण नीट फिरून पाहिलंय, ते पुढे येईल.

पहिली गोष्ट, चंदन हे झाड आहे आणि ट्रफल हे बुरशीचं फळ आहे. हे सगळ्यांना माहीत असतं पण त्याचा अर्थ कोणी लक्षात घेत नाही. ट्रफल म्हणून जो काळा खडबडीत बटाट्यासारखा गोळा विकतात तो म्हणजे आंबा समजा, आणि आंब्याचं झाड म्हणजे मातीत पसरलेलं बुरशीचं जाळं, केसापेक्षा बारीक धाग्यांचं, जे डोळ्याला दिसतच नाही. म्हणजे ट्रफल लावायचा म्हणजे नक्की काय लावायचं? गोळा पुरून काही होत नाही. ज्याच्या मुळाला हे जाळं आधीच चिकटवलंय असं ओक किंवा हेझल अशा तिकडच्या झाडाचं रोप लावायचं, आणि मग वाट बघायची की जाळं मुळाबरोबर पसरतंय की दुसरी एखादी रानटी बुरशी येऊन त्याची जागा घेतेय. चंदनात निदान झाड तरी समोर उभं असतं, वाळलं तर कळतं. ट्रफलवाल्याला कित्येक वर्षं कळत नाही की जमिनीत गोळा धरेल का नाही.

आता मुळाकडे येऊ, कारण खरी तुलना तिथेच आहे.

चंदन अर्धपरजीवी आहे. पानं हिरवी आहेत, ऊन घेऊन स्वतःची साखर स्वतः बनवतं, पण पाणी, नत्र आणि खनिजं यासाठी ते शेजारच्या झाडाच्या मुळाला तोंड लावतं. हे तोंड बघायचं असेल तर पावसाळा संपल्यावर तीन-चार वर्षांच्या चंदनाच्या बाजूला, शेजारी तूर नाहीतर सुरूचं झाड असेल तिकडच्या अंगाला, वीतभर माती हातानं उकरा, कुदळीनं नको. बारीक मुळं सापडली की झटकू नका, पाण्यात बुडवून हलकेच हलवा. तुरीच्या मुळाला मध्येच कुठेतरी एक पांढुरकी पिवळट टोपी चिकटलेली दिसेल, हरभऱ्याच्या दाण्याएवढी नाहीतर त्याहून लहान, घंटेच्या आकाराची, आणि त्या टोपीला मागून जे मूळ आलंय ते चंदनाचं. टोपी नखानं उचलली तर सहज निघत नाही, कारण तिच्या पोटातून एक पाचर होस्टच्या, म्हणजे चंदन ज्याच्यावर जगतं त्या झाडाच्या, मुळात आत शिरलेली असते, सालीतून थेट लाकडापर्यंत, जिथून पाणी वर चढतं तिथपर्यंत. याला हॉस्टोरिया म्हणतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तुरीच्या मुळावरच्या नत्राच्या गाठी समजून सोडून दिलं होतं, नंतर कळलं की गाठी तुरीच्या आणि टोप्या चंदनाच्या, दोन्ही एकाच मुळावर, म्हणजे तूर हवेतलं नत्र धरतेय आणि चंदन ते बाजूनं ओढतंय.

ट्रफलचं मूळ वेगळं दिसतं. ओकच्या अगदी बारीक टोकाच्या मुळांवर बुरशी मोज्यासारखी चढलेली असते, टोकं जाड आणि तपकिरी मधाच्या रंगाची होतात, काडेपेटीतल्या काडीच्या गुलासारखी पण त्याहून कितीतरी लहान. भिंगाखाली धरलं तर त्या मोज्यातून बाहेर बारीक काटे आलेले दिसतात, आणि काळ्या ट्रफलच्या काट्यांना काटकोनात फांद्या फुटलेल्या असतात, यावरून नर्सरीवाले ओळखतात की बुरशी खरी मेलॅनोस्पोरम, म्हणजे अस्सल काळ्या ट्रफलची, आहे की तिचा स्वस्तातला भाऊ. मोज्यातून काही धागे आत जातात पण पेशी फोडत नाहीत, पेशी-पेशींच्या मधल्या फटीत जाळं विणतात, आणि तिथे देवाणघेवाण चालते. बुरशी मातीतून स्फुरद, नत्र, पाणी आणून देते, झाड साखर देतं. ट्रफलमध्ये जो काही कार्बन असतो तो त्या झाडाच्या पानात बनलेल्या साखरेतूनच आलेला असतो, बुरशीला हिरवी पानं नाहीत, ती ऊन खात नाही.

म्हणजे बघा हिशोब कसा उलटा आहे. चंदन साखर स्वतः बनवतं आणि पाणी-खनिज दुसऱ्याकडून उचलतं. ट्रफल पाणी-खनिज स्वतः आणतो आणि साखर दुसऱ्याकडून घेतो. ट्रफल त्या बदल्यात काहीतरी देतो, चंदन देत नाही. चंदन फक्त घेतं. योजनावाल्यानं "दोन्ही दुसऱ्याच्या मुळावर जगतात" एवढं सांगितलं ते बरोबर, पण एक भागीदार आहे आणि दुसरा घरात शिरलेला पाहुणा आहे जो जायचं नाव घेत नाही. आपल्या भाषेत "मुळावर उठणं" म्हणतात ना, तेच.

यात गंमत अशी की आपण आयुष्यभर "चंदनासारखं झिजणं" ऐकत आलोय. आईनं चंदनासारखं झिजून मुलांना वाढवलं, अमुक कार्यकर्ता चंदनासारखा झिजला. सहाणेवर खोड झिजतं हे खरं, पंढरपूरला उन्हाळ्यात विठोबाला चंदनउटी लागते तेव्हा किती खोडं झिजत असतील ते बघा. पण रानात उभं असताना हेच झाड शेजाऱ्याला झिजवतं. वनस्पतिशास्त्रात चंदन ज्या गणात आहे त्याच गणात बांडगुळं आहेत, म्हणजे आंब्याच्या फांदीवरचं बांडगुळ आणि देवघरातलं चंदन एकाच भावकीतले. फरक इतकाच की एक फांदीवर बसतं म्हणून बदनाम झालं आणि दुसरं जमिनीखाली करतं म्हणून देवाच्या कपाळावर गेलं. असो.

याचा शेतीत अर्थ काय? चंदन लावणारा माणूस खरं तर होस्टची शेती करत असतो. माझी पहिली लागवड इथेच गेली. एका नर्सरीतून, नाव घेत नाही, सहाशे रोपं आणली, दिसायला चकचकीत, दीड फूट उंच, आणि पिशवीत चंदन एकटंच. विकणारा म्हणाला होस्ट शेतात लावा, काय फरक पडतो. पडला. पावसाळाभर छान राहिली कारण बियाण्यात थोडी शिदोरी असते आणि पाऊसपाणी होतं, दिवाळीनंतर पानं पिवळी पडायला लागली, मी खत टाकलं, मग पाणी वाढवलं, मग मुळं सडली असतील म्हणून पाणी तोडलं, मार्च येईपर्यंत अर्धी रोपं काडी झाली होती आणि मी त्यांना चंदन म्हणून जगवत होतो, ती बिचारी उपाशी होती. आता मी रोप पिशवीत असतानाच बाजूला होस्ट लावतो, तूर नाहीतर ती लाल पानांची अल्टरनँथेरा, बागेत बॉर्डरला लावतात ती, फक्त तिला सारखं छाटावं लागतं नाहीतर ती चंदनाला झाकून टाकते. शेतात खड्ड्याच्या जवळ तूर, आणि दोन चंदनाच्या मधे कायमचा होस्ट म्हणून सुरू, करंज, हादगा असं काहीतरी. तूर दोन-तीन वर्षांत संपते, तोवर चंदनाची मुळं सुरूपर्यंत पोचायला हवीत. ही साखळी तुटली की झाड मरत नाही पण तिथेच थांबतं, दहा वर्षांनी बघाल तर मनगटाएवढं.

आणि होस्टला पण जीव असतो हे विसरू नका. चंदन जोरात आलं की सुरू वाळायला लागतं, मी दोनदा नवीन लावलंय. म्हणून ठिबकची एक नळी होस्टला असतेच. लोक हसतात की सुरूला कशाला पाणी, मी म्हणतो सुरूला घातलेलं चंदनालाच जातं.

ट्रफलमध्ये याच्या उलट. तिथे जमिनीखालच्या भागीदाराला शक्यतो त्रास द्यायचा नाही, हीच सगळी कला. बुरशीचं जाळं पसरलं की झाडाच्या भोवती गवत मरतं, एक उजाड वर्तुळ तयार होतं, फ्रेंच लोक त्याला "ब्रुले" म्हणतात, जळलेलं. आपल्याकडे असं वर्तुळ दिसलं तर शेतकरी घाबरून औषध विचारायला कृषी केंद्रात जाईल, तिथे ते वर्तुळ दिसलं की शेतकरी खूश होतो कारण बुरशी जिवंत असल्याची तीच पहिली खूण.

ट्रफलच्या शेतीचा इतिहास पण इथेच सुरू होतो आणि तो मला फार आवडतो. १८१० च्या सुमारास फ्रान्सच्या दक्षिणेला व्होक्लूझ भागात जोसेफ तालों नावाच्या एका शेतकऱ्याला सुचलं की ज्या ओकखाली ट्रफल सापडतात त्याच ओकची फळं पेरावीत. त्यानं ट्रफल पेरला नाही, ओक पेरला. बुरशी म्हणजे काय, मुळाला चिकटते कशी, काही माहीत नव्हतं, नुसतं बघून कळलं. पुढे १८४७ मध्ये कार्पेंत्राच्या ऑग्यूस्त रूसोनं मोठी लागवड केली आणि १८५५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात माल मांडला. मग फायलोक्सेरा नावाच्या किडीनं द्राक्षाचे मळे संपवले, रिकाम्या चुनखडीच्या रानात लोकांनी ओक लावले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समध्ये ट्रफलचं पीक हजार टनांच्या घरात गेलं असं सांगतात. आज ते शंभर टनांच्याही खाली आलंय. मधे पहिलं महायुद्ध झालं, खेडी रिकामी झाली, मेंढ्या चरायच्या बंद झाल्या, ओकची रानं दाट होऊन सावली पडली, आणि ट्रफलला दाट सावली चालत नाही. माणूस गेला की जंगल वाढतं आणि ट्रफल जातो, हे आपल्या डोक्यातल्या जंगलाच्या कल्पनेला जरा धक्का देणारं आहे.

मुळाला प्रयोगशाळेत बुरशी लावलेली रोपं १९७० च्या दशकात फ्रान्स आणि इटलीत तयार झाली, तेव्हापासून ही खरी नर्सरीची शेती झाली. आज सगळ्यात जोरात कोण असेल तर स्पेनमधला तेरुएल प्रांत, त्यातही सार्रियोन गाव.

तिथेच मी गेलो होतो. भाचीचा नवरा स्पेनमध्ये नोकरीला, त्यांच्याकडे मुक्काम, आणि मी हट्टानं जानेवारीत गेलो कारण काळ्या ट्रफलचा हंगाम नोव्हेंबर ते मार्च असतो. समुद्रसपाटीपासून हजारेक मीटर उंच माळ, सकाळी जमीन गोठलेली, बुटाखाली माती कुरकुरते, आणि माती बघितली तर चुनखडीच्या खड्यांनी भरलेली, फिकट तांबूस. मला क्षणभर आपला माळच वाटला, फक्त हाडं गोठवणारा. ओळीनं लावलेले सदाहरित ओक, पुरुषभर उंच, खाली ती उजाड वर्तुळं. शेतकऱ्याबरोबर एक मध्यम आकाराची कुत्री. ती नाक खाली घालून झाडाझाडाखालून फिरते, एका ठिकाणी थांबते, पुढच्या पंजानं दोनदा खरवडते आणि मालकाकडे बघते. मालक खिशातून तिला बिस्किट देतो, मग गुडघ्यावर बसून चाकूसारख्या लांबट पात्यानं माती बाजूला करतो, मूठभर माती उचलून स्वतः हुंगतो. माती हुंगून तो ठरवतो की खणायचं का अजून आठवडा थांबायचं. पिकलेला नसेल तर परत झाकतो. मला पण एक मूठ दिली. वास कसा सांगू, उकडलेल्या मक्याचं कणीस, ओली लाकडं, आणि मागे लसणीसारखं काहीतरी. गोळा निघाला तो लिंबाएवढा, वरून बारीक पिरॅमिडसारखे दाणे, कापल्यावर आत काळं आणि त्यात पांढऱ्या शिरा, संगमरवरासारख्या. खड्डा त्यानं नुसता बुजवला नाही, पिशवीतून पीट (कुजलेल्या शेवाळाची हलकी माती) आणि ट्रफलच्या चुऱ्याचं मिश्रण टाकून भरला, म्हणजे पुढच्या वेळेला तिथे बीजाणू, बुरशीचं बी म्हणा, असतील. हे "घरटं" करतात म्हणे.

मला सगळ्यात हेवा वाटला तो कशाचा, तर त्या माणसानं झाड तोडलं नाही. पुढच्या जानेवारीत तो परत तिथेच येणार, त्याच झाडाखाली, वीस-तीस वर्षं. माझं चंदन एकदाच. आणि तेही तोडून नाही, मुळासकट उपटून, कारण तेल मुळातही असतं आणि चांगलं असतं, म्हणून चंदन जमिनीसरशी कापणारा माणूस पैसे मातीत सोडून जातो. पंधरा-वीस वर्षं वाढवायचं आणि एका दिवसात संपवायचं. ट्रफलची शेती म्हणजे दुभती गाय, चंदन म्हणजे मुदत ठेव, आणि तीही अशी की व्याज किती ते मोडल्यावरच कळणार.

कळणार म्हणजे कसं ते सांगतो. चंदनाचं पांढरं लाकूड बिनवासाचं असतं, किंमत असते ती आतल्या पिवळसर तपकिरी गाभ्याला. गाभा साधारण दहाव्या वर्षाच्या आसपास धरायला लागतो, पण झाड जाड आहे म्हणून गाभा जाड असेल असं अजिबात नाही. खत-पाणी देऊन फुगवलेल्या झाडात कधी कधी नुसतं पांढरंच निघतं आणि माळावर कष्टानं वाढलेल्या बारक्या झाडात चांगला गाभा मिळतो. माझं एक झाड वाऱ्यानं पडलं, चौदा वर्षांचं, खोड मांडीएवढं, कापलं तर मधे अंगठ्याएवढा गाभा. बायको म्हणाली एवढ्यासाठी चौदा वर्षं रात्री उठून बॅटरी मारत होतात का. ज्या माहितीपत्रकात "प्रत्येक झाड इतके किलो गाभा" असं छापलंय ते बघताना हा अंगठा आठवा.

वासाचं म्हणाल तर त्यातही मोठा फरक आहे. ट्रफल जमिनीखाली पिकतो, वाऱ्यावर बीजाणू सोडता येत नाहीत, मग कोणीतरी येऊन खाऊन पसरवायला हवं. म्हणून वास. रानडुक्कर, कुत्रा यांना खेचणारा मुख्य घटक डायमिथाइल सल्फाइड आहे, तोच तो मक्याच्या कणसाचा वास. पूर्वी डुकरिणी घेऊन शोधायचे पण त्या खाऊन टाकतात आणि मुळं उकरतात, इटलीत १९८५ पासून डुकरांना बंदीच आहे. हा वास हवेत उडतो, म्हणून काढलेला ट्रफल आठ-दहा दिवसांत उतरतो, शेतकरी दुपारी काढतो आणि संध्याकाळी विकतो. चंदनाचा वास कोणाला बोलवायला नाही. त्याचं फळ जांभळट काळं, करवंदाच्या जरा लहान भावासारखं, ते कोकिळा-बुलबुल खातात आणि बिया पसरवतात, त्याला गाभ्याच्या वासाशी घेणंदेणं नाही. गाभ्यातलं सँटॅलॉल हे झाडाच्या मेलेल्या लाकडाला कीड-बुरशीपासून वाचवणारं रसायन, जड, सावकाश उडणारं, म्हणून आजीच्या पेटीतला तुकडा अजून वास देतो. चांगल्या तेलात अल्फा आणि बीटा सँटॅलॉल किती हवं याचं आंतरराष्ट्रीय मानकच आहे, अल्फा ४१ ते ५५ टक्के आणि बीटा १६ ते २४ टक्के.

दोन्हीची नक्कल मात्र सारखीच होते. मुंबईच्या मॉलमध्ये ट्रफल ऑइल म्हणून जी बाटली मिळते त्यात बहुतेक वेळा ट्रफल नसतोच, टू-फोर डायथायापेंटेन नावाचं एक रसायन साध्या तेलात टाकलेलं असतं, आणि स्वस्त चंदन अगरबत्तीतही चंदन नसतं.

नर-मादीचं एक सांगतो, ते ऐकून त्या स्पॅनिश शेतकऱ्याबद्दल आदर वाढला. चंदनाला फुलं येतात, आधी फिकट पिवळसर, मग दोन-तीन दिवसांत गडद मरून, मधमाश्या येतात, काम होतं. काळ्या ट्रफलमध्ये दोन "लिंगं" आहेत असं समजा, आणि ती वेगवेगळ्या जाळ्यांत असतात. दोन्ही जवळ आली तरच गोळा धरतो. पण एका झाडाच्या मुळांवर हळूहळू एकच प्रकार वरचढ होतो आणि दुसरा हाकलला जातो, मग जाळं जिवंत, वर्तुळ उजाड, आणि ट्रफल शून्य. त्या "घरट्यात" चुरा टाकतात तो बहुधा यासाठीच उपयोगी पडतो. ही दोन लिंगांची भानगड ट्रफलचा जीनोम, म्हणजे त्याची सगळी आनुवंशिक लिपी, वाचल्यावर स्पष्ट झाली, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, साडेबारा कोटी अक्षरांचा, आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग इकडून तिकडे उड्या मारणाऱ्या तुकड्यांचा. चंदनाचा २०१८ मध्ये आला, साधारण बावीस कोटी. बुरशीच्या मानानं ट्रफलचा फार मोठा आणि झाडाच्या मानानं चंदनाचा फार लहान, म्हणजे इथे तरी दोघं जवळ आले.

पांढऱ्या ट्रफलचं, इटलीत आल्बाला मिळतो तो, विचारूच नका. तो काळ्यापेक्षा कितीतरी महाग आणि लागवडीला दाद देत नाही. फ्रान्समधल्या एका लागवडीत, त्याच्या मूळ प्रदेशाच्या बाहेर, बोटावर मोजण्याइतके मिळाले तर २०२१ मध्ये त्याची जगभर बातमी झाली. यावरून समजा.

आता तुमच्या माळावर ट्रफल का नाही. योजनावाला म्हणेल तुमची जमीन चुनखडीची, सामू (pH) आठ, ट्रफलला तेच लागतं. सामू साडेसातच्या वर लागतो हे खरं. पण सामू म्हणजे सगळं नाही. त्याला हिवाळ्यात खरी थंडी हवी आणि उन्हाळ्यात अधूनमधून वळवासारखे पाऊस, आपल्याकडे पाऊस चार महिने एकदम, मग आठ महिने काही नाही, आणि जानेवारीतही दुपारी तीस अंशांच्या आसपास. काळी माती असेल तर ती पावसात चिखल होते, उन्हात हातभर भेगा पडतात, आणि त्या भेगेत बुरशीचं जाळं फाटतं. ओक इथे धड जगत नाही. मग कोणी विचारतं की आंब्याच्या, सागाच्या मुळाला लावू का ट्रफल. नाही लागत. आपल्या बहुतेक झाडांच्या मुळांत वेगळ्या प्रकारची बुरशी असते, पेशीच्या आत शिरणारी, ट्रफलला जो मोजा चढवायचा असतो तो या मुळांवर चढतच नाही. कुलूपच वेगळं आहे.

उष्ण प्रदेशात मोजेवाली झाडं नाहीत असं नाही, सालवृक्ष आहे. आणि म्हणूनच बस्तरच्या सालवनात पहिल्या पावसाबरोबर बोडा निघतो, जमिनीत दडलेला गोल गोळा, तिकडच्या बाया काठीनं उकरून काढतात आणि हंगामाच्या सुरुवातीला त्याला असा भाव असतो की मटण स्वस्त वाटतं. ट्रफलचा नातेवाईक नाही, पण धंदा तोच. आपल्या गोव्यात अळमीचं तसंच, ती वारुळावर येते, वाळवीशी तिची भागीदारी, आणि तिचीही शेती अजून कोणाला जमलेली नाही. आणि एक भारतीय ट्रफल खरोखर आहे. ट्यूबर इंडिकम, १८९२ मध्ये मसुरीकडच्या नमुन्यावरून त्याचं नाव ठेवलं. तोच पुढे चीनमधून ढिगानं युरोपात जायला लागला, दिसायला हुबेहूब काळा ट्रफल पण वासाला फिका, आणि भेसळीला वापरला जातो. म्हणजे ज्या नावात आपला देश आहे त्याच नावानं तिकडचे व्यापारी शिव्या घालतात.

चंदनाला मात्र तुमचा माळ चालेल, मुरमाड असेल तर उत्तम, पाणी साचत नसेल एवढं बघा. पण आणखी दोन गोष्टी ऐका.

एक, कायदा. टिपू सुलताननं १७९२ मध्ये चंदन राजवृक्ष ठरवलं, तेव्हापासून म्हैसूरकडे आपल्या रानातलं चंदन पण सरकारचं ही पद्धत चालली, ती कर्नाटकात २००१ ला आणि तामिळनाडूत २००२ ला बदलून मालकी शेतकऱ्याकडे आली. याचा मधल्या काळात काय परिणाम झाला असेल? शेतकरी बांधावर उगवलेलं चंदन दिसलं की लहानपणीच उपटून टाकायचा, नसती कटकट नको म्हणून. आपल्याकडे लावायला अडचण नाही, पण तोडायला वनखात्याची परवानगी आणि न्यायला वाहतूक परवाना लागतो, म्हणून लावल्यावर लगेच सातबाऱ्यावर नोंद करून घ्या, तलाठ्याकडे चार खेपा झाल्या तरी चालतील. पंधरा वर्षांनी नोंद नाही म्हणून तुम्हालाच विचारतील चोरीचं आहे का.

दोन, चोर. तिकडे ट्रफलचे चोर रात्री कुत्रा घेऊन शिरतात, आणि दुष्टपणा करायचा असेल तर दुसऱ्याच्या कुत्र्याला विष घालतात. इकडचे गिरमिट घेऊन येतात. माझ्या झाडांना कमरेच्या उंचीवर करंगळी जाईल एवढी भोकं दिसली, मला वाटलं खोडकिडा. खोडकिडा नव्हता, ते भुसा काढून हुंगून बघून गेले होते की गाभा आलाय का. ज्यांच्यात आला होता तेवढीच अकरा झाडं पुढच्या अमावस्येला गेली, बाकीच्यांना हात लावला नाही. माझ्या रानात गाभा कुठे आहे हे माझ्या आधी त्यांना कळलं. तुम्ही पुण्यात राहणार आणि झाड माळावर, हे गणित आधी सोडवा. कुंपण, राहता माणूस, कॅमेरा, याचा पंधरा वर्षांचा खर्च मांडा आणि मग योजनावाल्याचा कागद बाजूला ठेवून बघा काय उरतं. ऑस्ट्रेलियात कुनुनुराकडे हजारो हेक्टर भारतीय चंदन लावलंय, शास्त्र, पाणी, यंत्रं सगळं आहे, तरी तिथली सगळ्यात मोठी कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत प्रशासकाच्या ताब्यात गेली होती.

म्हणून मी सांगेन, दोन एकर चंदन लावू नका. आवळा, सीताफळ, शेवगा असं दरवर्षी काहीतरी देणारं लावा आणि त्यात मधे मधे दीडशे-दोनशे चंदन घाला. हीच झाडं होस्टचं काम करतात, त्यांना तुम्ही पाणी घालणारच आहात, आणि चंदन गेलं तरी शेवगा विकून खर्च निघतो. पहिली तीन वर्षं तुरीची ओळ चुकवू नका.

आणि रोपं घ्यायला जाल तेव्हा उंची बघू नका. चकचकीत दोन फुटी रोप बाजूला ठेवा आणि एक जरा खुजं, बाजूला तूर किंवा लाल अल्टरनँथेरा असलेलं उचला. नर्सरीवाल्याला सांगा हे एक मी विकत घेतलं, पैसे द्या, आणि तिथेच त्याच्यासमोर पिशवी ब्लेडनं उभी फाडा. बादलीत मुळं धुवा. होस्टच्या मुळावर त्या पांढुरक्या टोप्या दिसल्या तर बाकीची रोपं भरा. नाही दिसल्या आणि तो म्हणाला "शेतात गेल्यावर लागतात हो साहेब", तर गाडी रिकामी परत आणा, फार तर डिझेलचे पैसे जातील. जूनच्या शेवटी दोन चांगले पाऊस झाल्यावर लावायचं, त्याआधी घाई नको. मुळांचा फोटो काढलात तर मला दाखवा, टोपी आहे का तुरीची गाठ आहे ते सांगतो.